पश्चिमेचं दार, काळी माती अन् डब्ल्यूपीसी: गावाकडच्या घराला कोणतं दार कुठं लावायचं

माजलगाव तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय. गावात नवीन घर बांधायलेत, स्लॅब पडलाय, आता चौकटी अन् दारं घ्यायचीत. मेन दार पश्चिमेला, आतल्या खोल्यांची तीन, एक संडास-बाथरूमचं. दुकानदार म्हणायलाय सगळीकडं कॉम्पोझिट टाका, पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, आयुष्यभर बघायचं काम नाही. पण त्यांच्याच थोरल्या भावाकडं डब्ल्यूपीसीचं (प्लॅस्टिक-भुशाचं, दुकानात कॉम्पोझिट म्हणतात त्यातलंच) दार दुसऱ्याच पावसाळ्यात अडकायला लागलं. मग घ्यावं का नाही, अन् घेतलं तर सांभाळायचं कसं, असा प्रश्न आहे.

मी सुतारकीच्या घरातला, परभणी-बीड भागात दारं बसवायचंच काम करतो, लाकडाचीही बसवतो अन् ह्या नवीन मालाचीही, त्यामुळं मला कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही. माझं मत सरळ आहे, घ्या पण सगळीकडं घेऊ नका. दुकानदार पाण्याचं सांगतो ते खोटं नाही, पण आपल्या मराठवाड्यात दाराला पाणी मारत नाही हो, मारतं ते ऊन, अन् त्याच्या खालोखाल काळी माती. पाण्याची जाहिरात कोकणातल्या माणसाला ठीक आहे. आपण बघायचं ते एवढंच की ह्या दारावर ऊन किती वेळ पडणार, अन् चौकट ज्या भिंतीत उभी राहणार ती भिंत हलणार का. ह्या दोन गोष्टींवर पाचही दारांचा निर्णय होतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. यूट्यूबवर कॉम्पोझिट डोअर शोधलं की इंग्लंडचे व्हिडिओ येतात. तिकडचं दार म्हणजे दोन्ही बाजूनं फायबरची कातडी, आत पीयू फोम (फुगून घट्ट होणारा), कडेनं लाकडाची किंवा दुसऱ्या पक्क्या मालाची पट्टी, ४४ एमएम जाडी अन् हँडल वर उचललं की तीन-चार ठिकाणी लागणारं कुलूप. ते थंडीच्या देशाचं दार आहे, घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून केलेलं. आपल्या तालुक्याच्या दुकानात त्या नावाखाली जे मिळतं ते वेगळं. एक डब्ल्यूपीसी, म्हणजे पीव्हीसी, लाकडाचा भुसा (कधी भाताचं तूस), चुनखडीची पावडर अन् फुगवायचं केमिकल एकत्र करून मशीनमधून दाबून काढलेली पाटी. दुसरं एफआरपी, म्हणजे काचेच्या धाग्याचं मॅट अन् पॉलिस्टर रेझिन साच्यात ओतून केलेली कातडी, आत फोम किंवा कागदाची जाळी. तिसरं नुसतं पोकळ पीव्हीसीचं, हातानं दाबलं तरी दबतं ते. अन् चौथं ते गुळगुळीत, डिझाइन उठवलेलं मेंब्रेनचं दार, त्याच्या आत एचडीएफ असतं, म्हणजे दाबलेला भुसाच, पण काही दुकानदार तेही कॉम्पोझिट म्हणून विकतात. हे चौथं बाथरूमला लावलं की खालच्या कडेनं पाणी पितं अन् पावासारखं फुगतं, त्यामुळं दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की आत काय आहे, अन् सांगितल्यावर कापलेला तुकडा दाखवा म्हणा. तुकडा नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात.

आता ऊन. डब्ल्यूपीसीत भुसा किती का असेना, धरून ठेवणारं पीव्हीसीच आहे, अन् कडक पीव्हीसी ७५-८० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं. तुम्ही म्हणाल आपल्याकडं तर ४३-४४ च जातं. ते सावलीतल्या हवेचं तापमान आहे. पश्चिमेच्या दारावर मे महिन्यात दुपारी दोन ते सहा ऊन पडतं, त्यावर चॉकलेटी नाही तर काळपट रंगाची मायका असली की दाराचा पृष्ठभाग ६०-६५ च्या घरात सहज जातो, हात ठेववत नाही. म्हणजे मऊ पडायच्या जवळजवळ दारातच उभं आहे ते. शिवाय बाहेरची बाजू तापलेली अन् आतली बाजू कूलरच्या हवेत, मग बाहेरची बाजू वाढते, आतली वाढत नाही, दार मधून बाहेरच्या अंगाला फुगतं, वरचा-खालचा कोपरा आत ओढला जातो अन् कडी लागत नाही. संध्याकाळी गार झालं की बरंचसं परत येतं, पण चार-पाच उन्हाळे असं झालं की मग कायमचा बाक राहतो.

ह्याच्यात आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. डब्ल्यूपीसी अंदाजे एका डिग्रीला एका मीटरमागं ०.०६ एमएम वाढतं, कंपनीनुसार थोडं कमी-जास्त. ७ फुटाचं दार म्हणजे २.१ मीटर. डिसेंबरात सकाळी १२ डिग्री अन् मे महिन्यात घरातल्या खोलीत ४२, फरक ३० चा, म्हणजे उंचीत ३ ते ४ एमएम वाढणार, रुंदीत दीड. अन् उन्हात असलेल्या दाराला फरक ५० चा पडतो, म्हणजे उंचीत ६ एमएम. लाकूड ह्याच्या उलट वागतं, उन्हानं त्याला लांबीत काहीच फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल, पण पावसाळ्यात दमट हवेनं ते रुंदीत फुगतं. आपले जुने मिस्त्री लाकडाच्या सवयीनं दाराला वर-खाली फट ठेवत नाहीत अन् कडेला ठेवतात, तीच सवय डब्ल्यूपीसीला लावली की उन्हाळ्यात दार वर घासतं. म्हणून बसवताना महिना बघायचा. थंडीत बसवलं तर वर ५ एमएम, खाली ८-१०, कडेला ४. एप्रिल-मे मध्ये बसवलं तर वर ३ चालेल कारण ते तेव्हा वाढलेलंच असतं.

तर मग तुमचं मेन दार. पश्चिमेला आहे, त्यामुळं तिथं डब्ल्यूपीसी नको, असं मी स्पष्ट सांगतो, दुकानदारानं कितीही वॉरंटी दिली तरी. तिथं सागवानाची चौकट अन् सागवानाचं पॅनलचं दार बसत असेल बजेटमध्ये तर त्याला तोड नाही. नसेल बसत तर कडुलिंबाची चांगली वाळलेली चौकट घ्या (बाभळीची मजबूत असते पण पिळा टाकते, वाळलेली नसली तर लईच), अन् त्यात चांगल्या प्रतीचं सॉलिड कोअर फ्लश डोअर (आतून भरीव, वरून सपाट लाकडी दार), आयएस २२०२ चा आयएसआय शिक्का बघून, बाहेरून व्हीनियर किंवा फिक्या रंगाची मायका. कडुलिंबाला वाळवी सहसा लवकर लागत नाही म्हणतात, पण मातीला टेकलेल्या टोकाला मी तरी डांबर लावल्याशिवाय उभी करत नाही. अन् छज्जा. दाराच्या वर दोन-अडीच फुटाचा छज्जा काढायला अजून वाव असेल तर आत्ताच काढा, पुढं पत्र्याचं शेड करू म्हणतात अन् राहून जातं. छज्ज्यानं पावसाचं तर वाचतंच, पण दुपारचं वरून येणारं ऊन तरी बरंचसं अडतं. संध्याकाळचं तिरपं ऊन छज्ज्याला मोजत नाही, तिथं पडदा नाही तर बाहेर जाळीचं दार.

दार पूर्वेला किंवा उत्तरेला असतं तर मी मेन दारालाही डब्ल्यूपीसीला नाही म्हटलं नसतं, फक्त ३५ एमएमचं घ्या म्हटलं असतं. अन् एक गोष्ट सगळ्यांनाच, मेन दार कोणतंही असू द्या, गावाकडं आपण बाहेरून कोयंडा घालून कुलूप लावतो, तो कोयंडा डब्ल्यूपीसीला नुसत्या स्क्रूवर राहत नाही, पहारीचा एक हिसका अन् स्क्रूसकट बाहेर. आरपार बोल्ट मारायचे, आतून मोठा वॉशर, आतून पट्टी दिली तर आणखी चांगलं. घर बंद करून लग्नाला, ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर हे करायचंच.

बाथरूमच्या दाराबद्दल जास्त बोलायची गरज नाही, तिथं हाच माल पाहिजे. एफआरपी किंवा डब्ल्यूपीसी, दोन्ही चालतं. मला विचारलं तर संडास-बाथरूम अंगणात वेगळं असेल अन् दारावर ऊन पडत असेल तर एफआरपी, घरात सावलीत असेल तर डब्ल्यूपीसी. एफआरपी तापलं तरी मऊ पडत नाही, फक्त काही वर्षांनी उन्हानं पांढुरकं पडतं, हाताला पावडर लागते. ते वरवरचं असतं, पॉलिश पेपर पाण्यातून मारून गाडीचं वॅक्स लावलं की बरंचसं जातं. एफआरपीची एकच अट, त्याला कापायचं नाही. माप चुकलं म्हणून मिस्त्री खालून करवत मारतो, आतला फोम अन् लाकडाची पट्टी उघडी पडते, तिथून पाणी आत शिरतं अन् मग बाहेरून दार चांगलं दिसतं पण उचलायला जावं तर जड, आत कुजलेलं. म्हणून माप चौकट बसल्यावर, प्लास्टर-फरशी झाल्यावर, तीन ठिकाणी घ्यायचं, वर, मध्ये, खाली, अन् सगळ्यात कमी असेल त्या मापाचं दार सांगायचं.

आतल्या तीन खोल्यांना डब्ल्यूपीसी बिनधास्त, ३० एमएमचं. पण दोन अपवाद. स्वयंपाकघरात चूल असेल, अजून कितीतरी घरात भाकरीला चूलच लागते, तर चुलीपासून दार हातभर लांब पाहिजे. पीव्हीसी स्वतःहून भडकत नाही, जाळ काढला की विझतं, पण मऊ पडून वाकडं होतं अन् जळालं तर धूर वाईट, डोळ्याला-छातीला झोंबतो. चुलीची जागा बदलता येत नसेल तर त्या एका खोलीला लाकूड किंवा पत्र्याचं दार लावा.

दुसरा अपवाद म्हणजे ज्या खोलीत सोयाबीन, तूर, ज्वारीची पोती राहतात ती. वाळवी लागत नाही म्हणतात तर उंदीर काय करतो ते कुणी सांगत नाही. उंदराला डब्ल्यूपीसी काय अन् लाकूड काय, खालचा कोपरा कुरतडून एका हंगामात भोक पाडतो, मऊ फोमचा माल तर त्याला सोपाच. त्या दाराला खालून आठ इंचाची ॲल्युमिनियम किंवा स्टीलची पट्टी दोन्ही बाजूनं मारून घ्या, खालची कड झाकेल अशी यू आकारात वळवून, अन् खालची फट होईल तेवढी कमी ठेवा. हा खर्च दाराच्या मानानं किरकोळ आहे, पोत्याच्या मानानं तर काहीच नाही.

आता माल पारखायचं. डब्ल्यूपीसीमध्ये सगळा खेळ घनतेचा, दुकानदार डेन्सिटी म्हणतात. साधं गणित, ७ बाय ३ फूट, ३० एमएमचं दार, ०.६ डेन्सिटीचं असेल तर ३५ किलोच्या आसपास भरतं. ०.४५ चं असेल तर २६. दिसायला दोन्ही एकसारखी. हलकं दार म्हणजे आत हवा जास्त, स्क्रू धरत नाही, वाकतं लवकर. काही जण डेन्सिटी वाढवायला चुनखडीची पावडरच जास्त घालतात, मग ते जड भरतं पण ठिसूळ, कोपऱ्यावर आपटलं की टवका उडतो. त्यामुळं नुसतं वजन पुरत नाही, मी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी करायला सांगतो. एक, हातभर लांबीचा तुकडा मागून घ्या अन् त्यात एकाच भोकात स्क्रू चार-पाच वेळा घाला-काढा, शेवटच्या वेळी पण आवळला पाहिजे, गरगर फिरला तर तो माल बिजागरीला टिकणार नाही. दोन, तो तुकडा दोन विटांवर आडवा टाका, मधोमध अर्धी वीट ठेवा अन् एप्रिलच्या उन्हात दुपारभर गच्चीवर राहू द्या, संध्याकाळी दोन्ही टोकांना दोरा ताणून बघा मध्ये झोळ किती पडला. वीट काढल्यावरही झोळ राहिला तर पश्चिमच काय, दक्षिणेच्या दारालाही तो माल नको. तीन, कापलेल्या बाजूला नख लावून बघा, मधला भाग अन् कडेचा भाग ह्यात फार फरक असेल, मध्ये जाळी दिसत असेल तर सोडा.

चौकटीला पण हेच. डब्ल्यूपीसीच्या चौकटी पोकळ अन् भरीव दोन्ही येतात, पोकळ स्वस्त. पोकळ घ्यायचीच असेल तर बिजागरी अन् कडीच्या जागी आत लोखंडी पाइप नाही तर लाकडाचा ठोकळा घालून घ्या, नाही तर स्क्रू हवेत राहतो. मी भरीवच घ्या म्हणतो, ५ बाय अडीच इंच, बाथरूमला ४ बाय अडीच चालते.

अन् इथंच सगळ्यात जास्त कामं बिघडतात. आपल्याकडं पद्धत अशी की मुहूर्त बघून चौकट उभी करायची, हळद-कुंकू, नारळ, अन् मग तिच्या दोन्ही अंगानं वीट चढवत न्यायची. सागवानाची चौकट ते सहन करते. डब्ल्यूपीसीची करत नाही, ओल्या विटांचा दाब आला की उभे खांब मधून आत दबतात, वर-खाली माप ३ फूट अन् मध्ये अर्धा इंच कमी, प्लास्टर झाल्यावर कळतं. ही चौकट भिंत अन् प्लास्टर झाल्यावर मोकळ्या खणात बसवायची असते, लांब स्क्रू अन् नायलॉन प्लग मारून, एका बाजूला चार, पहिला वरून सहा इंचावर, अन् भिंत-चौकट ह्यामध्ये ८-१० एमएम फट ठेवून ती पीयू फोमनं भरायची. फोम भरताना आत आडव्या फळ्या ठोकून ठेवायच्या, फोम फुगताना ढकलतो. घरच्यांना पूजा पाहिजे असते, त्यात गैर काही नाही, मेन दाराची चौकट लाकडाचीच सांगितलीय मी तुम्हाला, तिची पूजा करा अन् ती आधी उभी करा. आतल्या नंतर. उंबरा दगडाचा घ्या, कडप्पा नाही तर ग्रॅनाइट, चौकट तीन बाजूंचीच ठेवा.

चौकटीच्या वरची फट कधीच सिमेंटच्या मालानं भरू देऊ नका. लिंटेल (दारावरची सिमेंटची आडवी तुळई) चौकटीवर टेकला म्हणजे भिंत जरा बसली की सगळं ओझं चौकटीवर. अन् आपल्याकडं भिंत बसतेच, कारण काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात, वर्षातून एकदा घर उचलते अन् एकदा सोडते. पाया मुरूम लागेपर्यंत नेला असेल तर त्रास कमी. नसेल नेला तर किमान घराच्या भोवती तीन फुटाचा सिमेंटचा पट्टा बाहेरच्या उताराचा करा अन् बाथरूमचं, छताचं पाणी पायापाशी मुरू देऊ नका. दाराच्या उत्तरात हे कामून सांगतोय असं वाटेल, पण दार अडकायच्या निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

तुमच्या भावाचं दार मला त्यातलंच वाटतंय. डब्ल्यूपीसी पाण्यानं फुगत नाही, मग ते पावसाळ्यातच अडकायला लागलं म्हणजे दार फुगलं नाही, चौकट तिरपी झाली. ओळखायचं सोपं आहे. दार बंद करून चौकट अन् दार ह्यातली फट चारी बाजूनं बघायची. फट एका कोपऱ्यात रुंद अन् निमुळती होत दुसऱ्या कोपऱ्यात बंद, म्हणजे चौकट शंकरपाळ्यासारखी झालीय, पाया. दुपारी वर घासतं अन् सकाळी मोकळं चालतं, म्हणजे ऊन. कुलपाच्या बाजूचा खालचा कोपरा फरशीला घासतो अन् बिजागरीच्या बाजूला वर फट वाढलीय, म्हणजे वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले. खात्री करायला टेप घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, आतून ७ बाय ३ च्या चौकटीला ९१ इंच अन् वर थोडं येतं, दोन्हीत ३ एमएमपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट हललीय. ओळंबा बिजागरीच्या खांबावर सोडून बघितला तर कोणीकडं कललीय तेही कळतं.

मिस्त्री आल्या आल्या रंधा काढतो, त्याला थांबवा. पावसाळ्यात तासलेलं दार उन्हाळ्यात भिंत खाली बसली की एवढी फट दाखवतं की पाल आत येईल. आधी बिजागरीखाली पॅकिंग घाला, वरच्या किंवा खालच्या, जिकडं कललं त्याच्या हिशोबानं, जाड प्लास्टिकची पट्टी चालते, पुठ्ठा नको. एक पूर्ण वर्ष, म्हणजे पावसाळा अन् उन्हाळा दोन्ही, बघा. मग लागलंच तर तासा. तासल्यावर डब्ल्यूपीसीची वरची कडक साल निघून आतला सच्छिद्र भाग उघडा पडतो, त्यावर पीयू किंवा ऑइल पेंटचा हात मारा, नाही तर मळ धरतो.

बिजागरीचं म्हणाल तर ४ इंची स्टेनलेस, एका दाराला तीन, अन् डब्ल्यूपीसीला मधली बरोबर मध्यावर, कारण ह्या दाराचं वजन नाही तर बाक सांभाळायचाय. खिळा कुठंच नाही. आधी बारीक ड्रिल, मग पूर्ण आट्याचा स्क्रू. तोरणाला, दसऱ्याच्या आंब्याच्या पानांना, लिंबू-मिरचीला घरातलं कुणीतरी हातोडी घेऊन चौकटीत खिळा ठोकतंच, त्याला तडा तिथून जातो. दोन हुक दार बसवतानाच ड्रिल मारून लावून घ्या, विषय संपला.

मायका लावायची तर दोन्ही बाजूला, एकाच जाडीची. पैसे वाचवायला बाहेरून चांगली अन् आतून काहीच नाही असं केलं की दार एका अंगाला वळतं. पांढरा लाकडाचा गोंद डब्ल्यूपीसीला धरत नाही, तो शोषून घेणाऱ्या मालाला आहे, इथं रबर बेसचं सोल्यूशन लागतं, दोन्हीकडं लावून सुकू देऊन मग चिकटवायचं. अन् काहीच लावलं नाही, कच्चं तसंच ठेवलं तर उन्हाच्या बाजूला ते पिवळट-तपकिरी पडत जातं.

देखभालीचं थोडक्यात सांगतो कारण खरंच थोडं आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बाथरूमच्या दारावर पडतात, ते लिंबू किंवा पातळ व्हिनेगरनं पुसा, दहा मिनिटं ठेवून. फरशी धुवायचं ॲसिड दाराला मारू नका, दाराला त्याचं फारसं काही होत नाही पण बिजागरी अन् स्क्रू खातं, स्टेनलेसलाही खड्डे पाडतं, अन् नुसत्या वाफेनंही. थिनर तर अजिबात नको, पेंटचा शिंतोडा पुसायला थिनर घेतला की पृष्ठभाग चिकट होऊन चकाकी जाते. चुना देताना, रंग देताना दारावर जुनं धोतर-चादर टाका किंवा ओलं असतानाच पुसा. हळदीचा डाग घाबरायचा नाही, ऊन लागलं की उडतो. कुंकवाचा-तेलाचा मात्र साबणानं लगेच.

कडी-कुलपात तेल घालायची आपली सवय इथं नुकसान करते, आपल्याकडची धूळ बसून त्याचा चिखल होतो अन् किल्ली फिरत नाही. कुलपात पेन्सिलच्या शिशाची पूड, कडीला मेणबत्ती घासा. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, सगळे स्क्रू स्क्रूड्रायव्हरनं, हातानं, आवळा, ड्रिल मशीननं नाही, मशीननं जास्त आवळला की डब्ल्यूपीसीतला आटा मरतो. आटा मेलाच तर भोकात आगकाडी कोंबायचा जुना उपाय इथं चालत नाही, जरा जाड अन् लांब स्क्रू घ्या किंवा भोक मोठं करून इपॉक्सी भरा, दुसऱ्या दिवशी नवीन ड्रिल.

वाळवीबद्दल एक. डब्ल्यूपीसी ती खात नाही, पण चौकटीच्या मागच्या फटीतून मातीची नळी करून वर चढते अन् माळवदाच्या लाकडापर्यंत, कपाटापर्यंत जाते. जुन्या घराला जोडून नवीन खोली काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, दार वाळवीप्रूफ म्हणजे घर वाळवीप्रूफ नाही. घराच्या पायात वाळवीचं औषध मारून घ्या, पेस्ट कंट्रोलवाल्याकडून, लेबलवरच्याच प्रमाणात, अन् विहीर-बोअरपासून लांब.

घरकुलातून बांधणारे पण विचारतात. तिथं अनुदानाच्या मोजक्या पैशात किमान २५ चौरस मीटर उभं करायचं असतं, सगळीकडं हे दार परवडणारच नाही. मी म्हणतो मेन दार लोखंडी पत्र्याचं राहू द्या, आतून बाहेरून रेड ऑक्साइड अन् फिका रंग, पैसे उरतील ते बाथरूमच्या एका चांगल्या दाराला घाला, कारण तिथं पत्रा खालून दोन-चार वर्षात गंजून चाळणी होतो.

पक्कं बिल घ्या, त्यावर जाडी, डेन्सिटी अन् वॉरंटी लिहून घ्या, अन् वॉरंटीच्या कागदावर थेट उन्हाचं काय म्हटलंय ते वाचा, बऱ्याच ठिकाणी उन्हात लावलेलं दार त्यातून वगळलेलं असतं. टेस्टिंगचा तुकडा फेकू नका, माल आला की रंग-पोत त्याच्याशी ताडून बघा. उतरवताना एक दार काट्यावर ठेवा, गावात कुणा ना कुणाकडं पोती मोजायचा काटा असतोच. ३५ किलो ठरलं अन् २६-२७ भरलं तर बाकीची दारं गाडीतून उतरवूच देऊ नका.